सावलीतली पोर

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २ मार्च २०२५

सौ. द्वारकाअक्का यांना धाकट्या जावेचा नमस्कार. सासूबाईंना आणि रामकिसन भाऊजींनाही सांगा.

इकडे सगळे बरे आहोत. नळाला परवा पाणी आलं, आता पुन्हा येईपर्यंत टाकीकडे बघत बसायचं. तुमचे दीर ऑफिसातून उशिरा येतात आणि आल्यावर टीव्ही बघतात, त्यात नवीन काही नाही. तुमच्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या असतील. तुमचा खांदा दुखत होता तो आता कसा आहे?

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. भाऊजी उचलतात, पण ते स्पीकरवर टाकतात आणि मग अख्खी ओसरी ऐकते. मला जे बोलायचं आहे ते ओसरीला ऐकवायचं नाही. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा, अर्ध्यातच चुलीत घालू नका.

आपल्या अंबूला चष्मा लागला. लांबचं दिसत नाही तिला.

तुम्ही कपाळाला हात लावला असेल. सासूबाई म्हणतील, गाजरं खाऊ घाला, पहाटे दवावर चालवा, उतरेल नंबर. उतरत नाही, अक्का. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते जरा चिडलेच.

आता रथसप्तमीच्या आदल्या दिवसाचं. माझ्या हळदीकुंकवाला म्हणून तुम्ही सिल्लोडच्या गाडीनं आलात. मी आणि अंबू स्टँडवर घ्यायला आलो होतो. तुम्ही पलीकडे रसवंतीपाशी उतरलात, बोरांची पिशवी खाली ठेवून हात हलवलात, पुन्हा हलवलात. पोरगी जागची हलली नाही. मग तुम्ही तरातरा आलात आणि चारचौघांत तिला म्हणालात, "का गं, शहराचं पाणी लागलं व्हय? आता आई वळखू येत नाय तुला?" ती घाबरून माझ्या पाठीमागं गेली. तुम्ही बोरं माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ठेवा. तुमचीच झालीय ती." आणि आल्या पावली माघारी. मी "अक्का, अक्का" करत राहिले, तुम्ही वळून बघितलं नाही. घरी बायका वाण घ्यायला जमल्या आणि मी हळदीकुंकू लावत होते ते रडवेल्या तोंडानं.

त्या संध्याकाळी मी अंबूला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, आई एवढ्या लांबून येते आणि तू खुशाल बघत उभी राहतेस? तर हुंदके देत म्हणाली, "काकू, मला आई दिसलीच नाय गं. लाल लुगडं दिसलं. पण तिथं लई बायांचं लाल होतं."

मग मी तिला गॅलरीत उभं केलं आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. अक्षरं ही एवढी मोठी. तिला पाटीच दिसेना. आणि मी बाई वर्षभर तिच्या वह्यांवरून तिला बोलतेय. फळ्यावरचं उतरवत नाही, शेजारणीच्या वहीत बघून लिहिते, अशी तक्रार शाळेतून यायची. आम्ही म्हणायचो, लक्ष नाही कार्टीचं. लक्ष नाही म्हणून क्लास लावला. क्लासनं होईना म्हणून खेळ बंद केला. म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप भलतीकडे. तुमच्या दिरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हल्ली सगळ्या पोरांना असतोच चष्मा." आणि पुन्हा बातम्या. अक्का, त्या रिमोटचे तुकडे करावेत असं वाटलं.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. दिवसभर काय करते, कुठं बसते. मी सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच लाज वाटायला लागली. सकाळी शाळा, दुपारी ऊन म्हणून घरात, मग क्लास, क्लासहून आली की अंधार. सुट्टीच्या दिवशी मोबाइल नाहीतर चित्रांची वही. खाली पार्किंगमध्ये पोरं खेळली की चेअरमन काकासाहेब गॅलरीतून ओरडतात, गाडीला चेंडू लागला तर भरून देणार का. तिथं पाटीच लावलीय, इथं खेळू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात पोरांना दिवसाउजेडी बाहेर राहायला हवं, रोज दीड-दोन तास तरी. त्यानं आलेला नंबर जाणार नाही, पण पुढं वाढायचा जोर कमी होईल. असाच वाढत गेला तर मोठेपणी डोळ्याला धोका असतो, असंही म्हणाले.

आता मनातलं बोलते. तुमच्यावर माझा राग आहे, आणि तो लई आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही पोरीला माझ्या हाती दिलीत तेव्हा काय म्हणाला होतात? "आशा, तिला शिकव, नाय शिकव, पण ऊन लागू देऊ नको. मी रापले तेवढं बास. माझी पोर सावलीत वाढू दे." तुमचे हात मी बघितलेले आहेत. कापसाच्या बोंडांनी चिरलेली ती बोटं बघून कोण नाही म्हणेल? मी पाळलं. दुसऱ्याची लेक म्हणून जरा जास्तच पाळलं. गच्चीवर जाऊ दिलं नाही, सायकल दिली नाही. दर रविवारी व्हिडिओवर तुम्ही तिचं तोंड बघायच्या आणि म्हणायच्या, "गोरी झाली गं माझी अंबू!" सासूबाईंना बोलावून दाखवायच्या. मलाही वाटायचं, चला, जाऊबाई खूश आहेत. आणि आता तुम्हीच मला स्टँडवर चोरासारखं उभं केलंत. सावली पण तुम्हीच मागायची आणि बोल पण मलाच लावायचा, हे कुठलं?

सावलीला डॉक्टरांचा विरोध नाही, बरं का. भर दुपारी उन्हात उभी करू नकाच म्हणाले. झाडाखाली खेळली तरी चालतं, फक्त छताखाली नको, बाहेरचा उजेड हवा. हे ऐकून मी तिथंच हसले. तुमच्या खळ्यावरचा लिंब डोळ्यांपुढं आला. तुम्ही पोरीला त्या लिंबाखालून उचलून माझ्या तिसऱ्या मजल्यावर पाठवलीत, सावलीसाठी. आणि मी खिडक्यांना जाड पडदे लावून ठेवले. एवढ्या शहाण्या बायका आपण दोघी.

डॉक्टरांकडचं आणखी एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, टाळत होते. त्यांनी विचारलं, "आईवडिलांपैकी कुणाला लहानपणापासून चष्मा आहे का?" मी म्हणाले, "नाही, मला नाही, ह्यांनाही नाही." इतकं सहज तोंडातून गेलं, अक्का. शाळेत, सोसायटीत सगळे मला अंबूची आईच म्हणतात. आधी मी सांगायचे, मी काकू. मग सांगायचं सोडून दिलं. पण अंबूनं सोडलं नाही. डॉक्टरांना म्हणाली, "ही आई नाय माझी, काकू हाय. आई गावाकडं असती. तिला लई लांबचं दिसतं, बांधावरून वळखती मला." डॉक्टर हसले. मला मात्र कुणीतरी कानाखाली दिल्यासारखं झालं.

आणि त्या दिवशी स्टँडवर तुम्ही हात हलवत होतात, पोर माझा हात घट्ट धरून उभी होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू? माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. सासूबाईंचे नवस झाले, पैठणला नाथांच्या पायी जाऊन आले, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला घटकाभर वाटलं, पोरीनं निवडलं. तिनं काही निवडलं नव्हतं, तिला फक्त दिसत नव्हतं. हे कळल्यापासून मला माझाच राग येतोय आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवर काढतेय. काकासाहेबांशीही परवा कडाक्याचं भांडले. आता पोरं संध्याकाळी पार्किंगमध्ये खेळतात.

चष्मा शहागंजातून आणला, जांभळ्या काड्यांचा, तिनंच निवडला. घातल्यावर दुकानाबाहेर येऊन मला म्हणाली, "काकू, पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला मिशा हायत!" आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत सुटली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आता आई रुसनार नाय ना?"

परीक्षा झाली की मी तिला घेऊन येते आणि सुट्टीभर ठेवून जाते. जूनमध्ये परत पाठवायची की नाही, ते तुम्ही मायलेकींनी ठरवा. पाठवलीत तर ती रोज बाहेर खेळणार, रापणार, गुडघे फोडून घेणार, आणि तुम्ही व्हिडिओवर रंगाचं अवाक्षर काढायचं नाही. नाही पाठवलीत तर सिल्लोडची शाळा वाईट नाही, मी चौकशी केली आहे. मी रडेन, पण भांडायला येणार नाही. चष्मा मात्र कुणी काढायला लावला, कुणी "पोरीच्या जातीला शोभत नाही" म्हणालं, तर भांडायला येईन, मग सासूबाई असोत की कुणी.

एवढंच करा. आम्ही फाट्यावर उतरू तेव्हा पुढं येऊ नका. हात हलवू नका, हाकही मारू नका. चार बायकांत लांब उभ्या राहा आणि तिला तुम्हाला शोधू द्या. मी तिचा हात धरलेला नसेल.

तुमच्या अंबूची काकू,
आशा