टर्बोची वाट पाहणारे पिस्टन

ती. मामांस नमस्कार.

तुमचा डावा गुडघा, मामीचा बसलेला आवाज आणि गच्चीची गळती यांची खबर शक्यतो याच क्रमाने कळवा. आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. रविवारी तुम्ही गाडी न्यायला येणार, म्हणून हे पत्र त्याआधी पोचायला हवं. तुम्ही दिलेली गाडी आणि रविवारी दिसेल ती गाडी बाहेरून एकच आहे. आतली हकीकत वाचा आणि मग ती न्यायची की नाही ते ठरवा.

इंजिन धूर ओकतंय, जरा बघ, असं तुम्ही म्हणाला होतात. (त्या ‘जरा’चा अर्थ मी ‘पूर्ण उघडून’ असा लावला.) सिलिंडर घासले होते, पिस्टन बदलणं भाग होतं. मूळ मापाचे पिस्टन आता दुकानात मिळत नाहीत. एक कारखाना मागणीनुसार करून देतो, पण सहा आठवडे लागतात आणि मला धीर नव्हता. ज्यांच्या गॅरेजमध्ये मी सुट्टीच्या दिवशी काम करते त्या उस्तादांकडे (ते मला इंजिनीयरबाई म्हणतात, त्यात कौतुक नसतं) याच इंजिनाच्या टर्बोवाल्या भावंडाचे चार कोरे पिस्टन पडून होते. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो हवा आधीच दाबून पाठवतो, म्हणून त्याच्या पिस्टनांना ती कमी दाबावी लागते. त्यांचा माथा वाटीसारखा खोलगट असतो. आज पिस्टन, पुढच्या महिन्यात टर्बो, असा माझा बेत. आधी पाहुणा येऊ द्या, मग गादी घाला, असं उस्ताद म्हणाले. मी गादी घातली.

पाहुणा भंगारवाल्याकडून आला आणि दारातच अडकला. पिस्टन मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले होते. टर्बो जिथे बसायचा तिथून स्टीअरिंगचा दांडा जातो, हे मात्र पाहिलंच नव्हतं. जागा चार सेंटिमीटर कमी. भिंतीवरची मापाची टेप काढून उस्तादांनी माझ्या गळ्यात घातली.

तर गाडी आता टर्बोविना टर्बोच्या पिस्टनांवर चालते. त्याने नेमकं काय होतं, हे कुणालाच धड सांगता येईना. उस्तादांच्या मते इंजिन लवकरच मान टाकणार, सुट्या भागांच्या दुकानदाराच्या मते काही फरक पडणार नाही. (दोघांनीही हे इंजिनाकडे न बघता सांगितलं.) म्हणून मी नोंदींची वही केली. पूर्वी हवा दहापटीच्या जवळपास दाबली जायची, आता साडेसातपट. कागदावर ताकद सात-आठ टक्क्यांनी उतरते, पण पाण्याच्या टाकीकडच्या चढावर ते टक्के फार मोठे दिसतात. तिथे एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि वळून काळजीने पाहिलं. पेट्रोल जास्त लागतं. जळलेला वायू पुरता फुलायच्या आतच बाहेर पडतो आणि त्याची गरमी धुरांड्यावाटे वाया जाते. उलट हलक्यातलं हलकं पेट्रोल घातलं तरी इंजिन टकटक करत नाही, त्यामुळे ठिणगी थोडी लवकर पाडता आली आणि गेलेलं थोडं परत मिळालं. सगळ्यात मजेदार म्हणजे तिचा स्वभाव. पेडल दाबलं की ती आधी विचार करते, मग निघते.

इथे आई येते. बावीस वर्षांपूर्वी याच गाडीचं पेडल तिने दाबलं, गाडीने उडी मारली आणि तुमच्या कुंपणाची भिंत आत आली, हे तुम्हाला आठवत असेल. (चूक भिंतीची होती, असं तेव्हा तुम्ही तुमच्या ताईला सांगितलंत. तिला ते पटलं नव्हतं.) त्यानंतर ती कायम मागे बसली, मांडीवर पिशवी घेऊन, पुढचं काही दिसणार नाही अशा बेताने. गेल्या महिन्यात वहीसाठी मला मीटर वाचायचा होता आणि गाडी सरळ चालवायला कुणीतरी हवं होतं. आमच्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात मी तिला बसवलं. तिने डोळे अर्धे मिटून पेडल दाबलं. गाडीने विचार केला. मग निघाली.

आई म्हणाली, “ही आता माणसात आली.”

आता ती वाचनालयात गाडीने जाते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गाडीने जाते. काल कुठे गेली होती ते विचारलं, तर म्हणाली, उगीच. मीटरवर अकरा किलोमीटर वाढले होते. पिस्टनांचं तिला माहीत नाही. वयाने पाय हलका झाला, असं तिचं मत आहे. चुकीचं मत समोर असताना मी गप्प बसल्याची ही पहिलीच वेळ.

मूळ पिस्टन मागवले तर तुमची गाडी होती तशी होईल. निर्णय तुमचा.

मामीला नमस्कार, आवाज आला असल्यास तिचं उत्तर फोनवर चालेल.

तुमची भाची

ता. क. रविवारी कृपया बसने या आणि बसनेच परत जा. स्टँडवर तुमची ताई गाडी घेऊन तुम्हाला घ्यायला येईल. पुढे बसा. चढावर काही बोलू नका.

आणखी एक ता. क. टर्बो बसत नाही, हे मंगळवारपर्यंत खरं होतं. मंगळवारी उस्तादांनी एक वाकडा पाइप जोडून तो बसवला. मी टाकीपर्यंत जाऊन आले. फार सुंदर ओढते, उडीच मारते. परत येऊन मी तो माझ्या हाताने काढला. उस्तादांनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, असंच. त्याचं खोकं माझ्या पलंगाखाली आहे आणि ते तुमचं सामान आहे असं मी आईला सांगितलं आहे. तिने विचारलं तर हो म्हणा.