गच्चीच्या मापाची पॅनेलं

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तूर्त फक्त शिर घे, बाकीची सात अंगं बरी झाली की पाठवते.) तुझं पित्त, सूनबाईची पाठदुखी आणि नातवाचा अभ्यास हे तिन्ही जिथल्या तिथे असतील असं धरून चालते. इकडे मी खुशाल. तुझं पत्र पोचलं. निम्मा दिवस वीज नसते, घरात एकटी बाई, शिलाई मशीन बंद, तेव्हा पुढच्या महिन्यात न्यायला येतो, सामान बांधून ठेव, असं तू लिहिलंस. अक्षर अजून छान आहे. मजकुरावर मी विचार केला आणि सामान बांधण्याऐवजी सोलर बसवायचं ठरवलं, कारण मला हे घर सोडायचं नाही. माझी पडद्यांची गिऱ्हाइकं इथे आहेत. तुमच्याकडे मशीन मांडलं तर सूनबाई दोन दिवस कौतुक करील आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवील. (तिचं चुकणार नाही, मीही तेच केलं असतं.)

जन्मभर पडदे शिवून मला एक खोड लागली आहे, आधी माप आणि मग माल. म्हणून टेप घेऊन गच्चीवर गेले. लांबी घेतली, रुंदी घेतली, पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी वजा केली आणि दुकानात गेले. दुकानदाराने "केवढं पाहिजे?" म्हणून विचारलं, मी फुटात सांगितलं. सोलर वॅटमध्ये मागतात, फुटात नाही, असं तो म्हणाला. पण गिऱ्हाईक चालून आलेलं, त्यानेही टेप काढला. दाराएवढी दोन पॅनेलं निघाली. ती गच्चीवर अशी बसली की मध्ये बोट जाईना. शेजारीण मुद्दाम बघायला आली आणि "अगदी शिवल्यासारखी बसलीत हो" म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

खाली जिन्याखाली आमच्या ह्यांनी घेतलेला इन्व्हर्टर आहे, तुला माहीत आहे तो, खेळण्याएवढा, एका बॅटरीवर चालणारा. जोडणीला आमच्या गल्लीतला वायरमन बोलावला. त्याला सगळे ‘होईल-होईल’ म्हणतात, कारण काहीही विचारलं की तो तेवढंच म्हणतो. एवढी मोठी पॅनेलं एवढ्याशा इन्व्हर्टरला चालतील का? होईल, होईल. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक डबी बसवतात, कंट्रोलर म्हणतात तिला. वरून येणारी वीज बॅटरीला सोसेल इतकीच खाली सोडणं हे तिचं काम. (प्रत्येक घरात अशी एक बाई असते.) होईल-होईलने दोन्ही पॅनेलं एकामागे एक जोडली, त्यामुळे दोन्हींचे व्होल्ट एकत्र होऊन त्या डबीवर आले. ऊन चांगलं कडक होतं. डबीतून फट् असा आवाज आला, थोडा धूर आला, आणि भात करपल्यासारखा वास घरभर पसरला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "असं होतं कधी कधी." पहिल्यांदाच तो काही वेगळं बोलला, एवढं मी नमूद करते.

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार म्हणाला, माझी पॅनेलं उत्तम, तुमचा इन्व्हर्टर लहान. इन्व्हर्टरचा मेकॅनिक म्हणाला, इन्व्हर्टर ठणठणीत, पॅनेलं राक्षसी. लग्न मोडल्यावर दोन्हीकडची मंडळी बोलतात तसं चाललं होतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत, इन्व्हर्टर काढून मोठा घ्या. तो मी काढणार नाही. त्याचं बटण तुटलं तेव्हा ह्यांनी चिकटपट्टी लावली होती, ती अजून आहे. दिवे गेले की ती चाचपून मी बटण दाबते. त्या वेळी ह्यांची आठवण येते आणि मला ती यायला हवी असते. हे मेकॅनिकला सांगता येईना, म्हणून त्याला सांगितलं की जिन्याखाली मोठा मावत नाही.

घोडं कुठे पेंड खातंय हे शेवटी मीच शोधलं. चष्मा लावून पॅनेलच्या पाठीवरचा कागद वाचला, पन्नासच्या आसपास व्होल्ट. जळलेल्या डबीवरचा वाचला, पंचवीसच्या वर चालणार नाही. दादा, मी कपाळाला हात लावला. पडदा भिंत बघून शिवायचा नसतो, दांडीला पेलेल असा शिवायचा असतो, हे मी नव्या मुलींना किती वेळा शिकवलंय! आणि स्वतः मात्र नाकापेक्षा मोती जड घेऊन बसले. दुकानदार म्हणाला, छतावर चढलेला माल परत घेत नाही. मी बरं म्हटलं, त्याच्याच खुर्चीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला डबीची गोष्ट सविस्तर सांगितली. दुपारच्या आत त्याने पॅनेलं बदलून दिली, नवी डबी वर दिली आणि चहाही पाजला. आता बॅटरीला मानवतील अशी दोन छोटी पॅनेलं आहेत, शेजारी शेजारी जोडलेली. त्यामुळे दाब तेवढाच राहतो आणि काम दुप्पट होतं. गच्ची भकास दिसते, पण मशीनची मोटर फिरते, दिवे लागतात, सगळं सुरळीत आहे. तेव्हा न्यायला येण्याची तसदी घेऊ नये.

घरात मोठा तूच, म्हणून नमस्कार तू ठेवून घे. आशीर्वाद बाकीच्यांत वाटून दे, कमी पडले तर कळव.

तुझी धाकटी

ता. क. वर ‘सगळं सुरळीत’ लिहिलंय ते ऊन असतानाचं आहे. मागच्या आठवड्यात ढग आले आणि बैठकीच्या खोलीचे पडदे मी पायाने मशीन मारून पुरे केले. गुडघे त्यानेच धरलेत. पण पडदे वेळेवर गेले.

आणखी एक ता. क. पॅनेलं बदलायच्या आदल्या दिवशी सूनबाईचा फोन आला होता, तुला सांगू नका म्हणाली, म्हणून लिहिते आहे. मुलं कामावर गेली की तू दुपारी ताट घेऊन टीव्हीसमोर बसतोस आणि बातम्या देणाऱ्या बाईला "जेवलीस का गं?" म्हणून विचारतोस. आधी मी हसले. मग मला रात्री नीट जेवण गेलं नाही. माझ्या विजेची तुला काळजी आहे हे खरं, पण मला न्यायची घाई कशाची ते तेव्हा कळलं. एका छोट्या पॅनेलवर माझं भागलं असतं, दादा. दुसरं मी तुझ्या पंख्यासाठी घेतलंय. मागच्या खोलीत तो बसवूनही झाला. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. मी अजून जेवायची थांबते कोणासाठी तरी, सवय आहे.