मुळीचं नाव

लोटे, १२ ऑगस्ट १९९९

ती. आबा,

गुरुप्रसादचा नमस्कार. काळजी करू नका. कावीळ उतरतेय, पेज पोटात राहते. डोळे तेवढे अजून पिवळे आहेत.

तुम्ही दिलेली मुळी ताकातून घेतोय, हे डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "मुळी कुठली ते कळू दे, मग गोळ्या ठरवू," म्हणाले. काय सांगू? गावाला औषध देता, पण सख्ख्या मुलालाही नाव सांगत नाही! विचारलं की तुमचं एकच, नाव सांगितलं तर औषधाचा गुण जातो.

चार दिवस गोळ्या अडल्यात, आबा.

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं बोलू नका.

हे पत्र आणणाऱ्या सदूकडेच नावाची चिठ्ठी द्या. गुण गेला तर जाऊ दे. मुलगा राहू दे.

तुमचा,
गुरुप्रसाद