चार्ज कुणाचा?

ट्रुरो, ३ मार्च १९५७

चि. टॅमसिन हिस लव्हडेआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी तार पोचली. ‘जोरी चार्ज. फेरीबोट. पत्र येतंय.’ म्हणजे तुझ्या भावाला एकदाचा बोटीचा चार्ज मिळाला! शेजारच्या पेन्रोजबाईंना मी लगेच सांगून टाकलं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनीही अभिनंदन केलं. कॅप्टनची टोपी त्याच्या कानांवरच अडेल म्हणावं. त्याला माझा गालगुच्चा.

तुझी,
आत्या

पोर्टवेन, ५ मार्च

ती. लव्हडेआत्यास नमस्कार वि. वि.

आत्या, आता आणखी कुणाला सांगू नकोस. जोरीला चार्ज मिळाला नाही, पोलिसांनी त्याच्यावर चार्ज ठेवलाय. धुक्यात बोट खडकावर आपटली. शाळेची मुलं वाचली, त्यांचे हिक्समास्तर बुडाले.

कॅप्टन अँगोव्ह चहा घ्यायला खाली गेले होते. जाताना जोरीला म्हणाले, जरा सुकाणू धर, आलोच. वकील म्हणतात, एवढ्याने चार्ज सोपवला असं होत नाही. चार्ज कॅप्टनचाच होता, एवढं जोरीने कोर्टात म्हणावं, सुटेल. पण हा जेवत नाही, कुणाचं ऐकत नाही. तुझं ऐकतो, तू लिही.

तुझी,
टॅमसिन

ट्रुरो, ७ मार्च

चि. टॅमसिन,

पत्र मिळालं. पेन्रोजबाई केक घेऊन आल्या, त्यांना काय सांगू? जोरीला लिहिलंय, वकील सांगतील तेच म्हण, आईकडे बघ.

आत्या

पोर्टवेन, १९ जून

ती. आत्यास नमस्कार वि. वि.

निकाल लागला. नऊ महिने तुरुंग.

चार्ज कुणाकडे होता, असं न्यायाधीशांनी विचारलं. जोरी म्हणाला, सुकाणू माझ्या हातात होतं, धुकं मला दिसत होतं, वेग मी कमी केला नाही, तेव्हा चार्ज माझाच. वकिलांनी डोकं धरलं. कॅप्टन बुटांकडे बघत राहिले. मला तर काही ऐकूच येईना.

बाहेर पोलिसांच्या गाडीपाशी हिक्सबाई आडव्या आल्या. आता थोबाडीत मारणार, असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, हे शेवटी काही बोलले का. जोरी म्हणाला, आधी मुलांना वर घ्या, म्हणाले.

बाईंनी मान हलवली. मग त्याच्या कोटाचं उघडं राहिलेलं बटण लावलं आणि गेल्या.

आई अंथरुणावरून उठत नाही. तू ये. लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
टॅमसिन