जुनून शब्दाच्या पोटात

पलूस,
फेब्रुवारी १९९६

प्रिय शिवा,

तुझं जम्मूहून आलेलं पत्र मिळालं. आईला जुनून चढलाय, तिला इस्पितळात ठेव, असं तू लिहिलंस. पलटणीतला तो शब्द वाचून मी दचकलेच. गावात लोक सरळ म्हणतात, मनुबाईला वेड लागलं.

आबा गेल्यापासून आई रोज भर दुपारी मळ्यात जाते, उसाच्या कडेला बसून आत बघत बोलते, एवढं तुला कळवलंच होतं. काय बोलते ते कुणाला ठाऊक नव्हतं. एका रविवारी मी मागून जाऊन ऐकलं. "उनाचं भाईर येऊ नगं, बाळा. हितंच बस." असं म्हणत ती हात पुढं करून केस विंचरल्यासारखी बोटं फिरवत होती. वाऱ्याचं नाव नव्हतं. तरी तिच्यासमोरची पानं तेवढी हलत होती. बाकीचा सगळा ऊस गप्प उभा.

सांगलीला माझ्या शाळेत मुजावर सर आहेत, उर्दू जाणणारे. त्यांना तुझ्या शब्दाचा अर्थ विचारला. म्हणाले, "बाई, शब्द मूळचा अरबी. त्याच्या मुळाशी आहे झाकणं. डोळ्यांआड राहतो तो जिन्न. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत. अकलेवर पडदा पडला की जुनून." मग म्हणाले, "आणि आईच्या पोटात झाकलेलं बाळ, त्याला जनीन म्हणतात. सगळे एकाच घरचे."

मला राहवेना. शाळेत रजा टाकून पलूसला आले आणि आईला सरळच विचारलं, उसात कोण आहे? तिनं कितीतरी दिवसांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुजी भन," म्हणाली. शिवा, तुझ्या-माझ्या मधे एक मुलगी झाली होती. रडलीच नाही. आबांनी तिला मळ्याच्या बांधाशी पुरलं आणि घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. "नावच ठिवलं न्हवतं, तर काढू कुटलं?" आई म्हणाली. आबा होते तोवर ती गप्प राहिली.

गेल्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी आली, ऊस तुटला. रान उघडं पडल्यावर आई हंबरडा फोडेल म्हणून मी जीव मुठीत धरून होते. पण ती शांतपणे घरी आली, पोटभर जेवली, शेजारच्या राहीबाईशी हसून बोलली. त्यानंतर मळ्याकडं फिरकलेली नाही. आळीत सगळे म्हणतात, मनुबाई बरी झाली.

तेव्हा इस्पितळाचा विचार सोड. हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे. मला दिवस गेलेत. साताऱ्याला यांनाही अजून कळवलेलं नाही, आईला तर नाहीच. तरी ऊस तुटला त्या दिवशी तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याशी नव्हे, आतल्या जिवाशी बोलली, "आलीस व्हय गं? बरं केलंस." तेव्हापासून ती माझ्यापाशीच बसून असते. डॉक्टरीणबाई म्हणतात, हालचाल कळायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पण आईनं पोटाशी हाक मारली की मला ती हालचाल कळते. मिळेल तेवढी रजा घेऊन ये. आईसाठी नाही, माझ्यासाठी.

तुझीच,
संयोगिताअक्का