रिळावरचा तंगूस

शनि. १० नोव्हें. २००७, इंगोलश्टाट

पाडवा. सुनीताने ओवाळलं. मी शाल दिली. "आधीच एक आहे" म्हणून तिने ती कपाटात ठेवली. म्हणजे सगळं रीतसर पार पडलं.

खालच्या मजल्यावरच्या सेपकडे फराळाचा डबा यंदा इराने नेला. पाच वर्षं मीच नेत होतो, या वेळी धीर झाला नाही. दोन मिनिटांत परत. "काय म्हणाले?" "डांके." "माझ्याबद्दल काही?" "नाइन, पापा." बारा वर्षांची झाली. मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर, आणि तेही मोजून मापून.

नऊ महिने झाले. एकदाचं लिहूनच टाकतो, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहतं. फेब्रुवारी. मोसम संपायच्या आधीचा शेवटचा शनिवार. सेपच्या गळाला हुखेन लागला. हा मासा म्हणजे डोनाऊ नदीतला हिवाळ्याचा राजा, सव्वा मीटर तरी असेल. सेप शहात्तर वर्षांचे. चाळीस हिवाळे थंडीत उभे राहिले तेव्हा हा एक. दोन हातांवर आला आणि फोरफाख तुटला. गळाच्या आधीचा तो शेवटचा दीड हात पारदर्शक दोर. बांधला होता मी. सेपच्या बोटांना संधिवात, त्यामुळे तीन हिवाळे त्यांच्या सगळ्या गाठी मीच मारतो. मारायचो.

ते एकच शब्द बोलले. "क्नोटेन." गाठ. मग सामान आवरून चालायला लागले. तेव्हापासून जिन्यात गुटेन टाग, बास.

सोम. १२ नोव्हें.

डबा आला. दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलेला, धुतलेला, रिकामा. दरवर्षी त्यात सफरचंदं असतात. सु. ने डबा वर ठेवून दिला.

शनि. २४ नोव्हें.

नदीवर एकटा. उणे तीन. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता म्हणून शहाणपणा केला, घरातलं खोबरेल लावलं. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला खोबरेल थिजतं हे ठाऊक नको? दहा मिनिटांत पांढरं मेण. नखाने खरवडत बसलो, बर्फ परवडला असता.

वळणाच्या वर सेप दिसले. चष्मा टोपीवर, दोर दातात, गाठ मारतायत. पंधरा मिनिटं तरी. दोनदा गळ खाली पडला, दोनदा गुडघ्यावर बसून शोधला. मी झाडामागे उभा राहिलो, चोरासारखा. गेलो असतो तर काय, खाल्लं थोडंच असतं? नाही गेलो.

गुरु. ६ डिसें.

जेवायच्या आधीच लिहायला बसलोय. आनंदाने!

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये टेन्साइल मशीनवर माझ्या गाठी ताणून पाहिल्या, दुकानातून आणलेल्या नव्या दोरावर मारलेल्या. कामाच्या जागी असले धंदे करू नयेत, पण दहा महिने तेच डोक्यात आहे. पंधरा गाठी. एकही सुटली नाही. सगळ्यांनी हुखेनला पुरून उरेल इतकं वजन धरलं. मग त्या दिवशी काय झालं?

फेब्रुवारीतला तो तुटका तुकडा काडेपेटीत ठेवला होता. लाजेने पेटी कधी उघडलीच नव्हती. आज उघडली. गाठ सुटली तर टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं होतं. हे टोक सरळ, चक्क तुटलेलं. मायक्रोमीटर लावला. दोराच्या रिळावर लिहिलंय पंचेचाळीस, म्हणजे ०.४५ मिलिमीटर जाडी. तुकडा निघाला तेहतीस! परत मोजला. तेहतीस.

संध्याकाळी घरी येऊन ते रीळच काढलं. सेपनीच दिलेलं होतं, त्यांनी दोन घेतली होती, एक मला. वरून खालपर्यंत सगळं तेहतीस, आणि बारीक निळसर झाक. हा तो दोरच नाही. हुश्श. हुश्श. गाठ माझी नव्हती चुकली!

पण मग हा आला कुठून?

रवि. ९ डिसें.

सापडलं. सासूबाई!

डोंबिवलीला फोन लावला. गेल्या वर्षी गौरी-गणपतीला त्या इथे होत्या तीन महिने. सहज विचारलं, "आई, माझ्या कपाटातलं एक दोऱ्याचं रीळ..."

"अहो नितीनराव, तुमचा तंगूस होय? मी वापरला हो तोरणाला. मणी ओवले, गौरीचे हार केले, किती छान बसला! सांगायचंच राहिलं बघा."

"आणि रिळावर आत्ता आहे तो?"

"तो माझ्याकडचा. मोत्यांच्या माळांना आणलेला. अहो, दुसऱ्याची वस्तू रिकामी कशी परत ठेवायची? आपल्यात भांडं रिकामं देतात का कधी? भरून ठेवलं, अगदी नीट, मूळ गुंडाळी होती तशी."

मी खुर्चीत बसून इतका हसलो की सु. धावत आली. म्हणजे सेपच्या आयुष्यातला एकमेव हुखेन मी डोंबिवलीच्या बाजारातल्या माळेच्या तंगुसावर धरायला निघालो होतो. आणि आईंनी गुंडाळलंय असं सफाईने की कारखान्यालाही जमणार नाही!

रात्री नीट झोप लागेल, दहा महिन्यांनी पहिल्यांदा. पण एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे, स्वतःशी खोटं कशाला. माझा मामा होडीवर सांगायचा, दोर बोटांतून सोडल्याशिवाय बांधू नये. त्या दिवशी हातमोजे काढायचा कंटाळा केला. घाई होती. उघड्या बोटांना पंचेचाळीस आणि तेहतीस लगेच कळले असते. गाठ नाही चुकली, पण मी चुकलो ते चुकलोच.

सु. ची ताकीद: "सेपना सांग, पण आईचं नाव मध्ये आणायचं नाही हं. म्हातारपणी तिच्या माथी नको."

शनि. १५ डिसें.

माती खाल्ली.

खाली गेलो. सेपनी दार अर्धंच उघडलं. "हं?" मी म्हटलं, गाठ नव्हती चुकली, तपासून पाहिलं, रीळच खराब निघालं. एवढंच. आईंचं नाव टाळायचं म्हणून हे बोललो.

सेप शांतपणे म्हणाले, "ते रीळ मी दिलं होतं. एकाच खोक्यातली दोन. माझं अजून धरतं."

आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता त्यांच्या लेखी मी नुसता वेंधळा नाही, त्यांनी दिलेल्या भेटीवर आळ घेणारा आहे. सु. ला सांगितलं.  ती म्हणाली, "चुकलं माझंच. खरं सांगू द्यायला हवं होतं तुला." बायकोने चूक कबूल केली, तर त्याचाही आनंद घेता येईना.

रवि. ६ जाने. २००८

तीन शनिवार नदीवर. माझ्या हाती काही नाही, सेपच्याही नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ, दगडावरचं शेवाळ मोजून घ्यावं. अशा पाण्यात चाळीस, फार तर पंचेचाळीस. सेप साठ वापरतायत! साठचा दोर माशाला म्युनिकहून दिसेल. पहिले दोन शनिवार मला वाटलं, हट्ट. काल लांबून बघताना डोक्यात उजेड पडला. बारीक दोर त्यांच्या बोटांत धरताच येत नाही. जो बांधता येतो तो वापरतात. माझ्या मनाला फार लागलं.

मला तो मासा नको. मला त्यांच्या गाठी परत मारायच्या आहेत. बास, एवढंच हवंय.

मंग. १५ जाने.

संक्रांत. काय दिवस!

संध्याकाळी आईंचा फोन. इराशी बोलत होत्या. इरा आजीशी मराठी बोलते, नाइलाज, आजीला दुसरं येत नाही. पोरीने सगळं सांगून टाकलं: ओपा सेप, म्हणजे खालचे आजोबा, पापाशी बोलत नाहीत, माशाचा दोरा तुटला म्हणून, आणि पापा म्हणतो रीळ खराब होतं.

आई कडाडल्या, मला सोफ्यावरून ऐकू आलं. "रीळ खराब? तंगूस माझा होता! दे त्यांना फोन. आत्ता."

इरा फोन घेऊन खाली पळाली. मी जिन्यात, कठड्याला कान लावून. सु. तिळगुळाची वाटी हातात घेऊन माझ्यामागे. खाली दारात इरा स्पीकर लावून मधे उभी. आई इकडून दणादण मराठी, इरा तिकडे जर्मन. तोरण. मणी. गौरी. रिकामं भांडं देत नाहीत. रिकामं भांडं म्हणताना इरा अडखळली, पण तिने सांगितलं.  मग एक आवाज आला, मला वाटलं सेपना खोकला लागला.

इरा फोनमध्ये म्हणाली, "आजी, तो हसतोय."

"तो नाही, ते," आजी म्हणाली. "हसू देत."

सेप वर आले. तीन पायऱ्या खाली थांबले. डोळे पुसलेले. मला विचारलं, "आणि तुझ्या हाताला कळलं नाही?"

आता सुटका नव्हती, आणि नकोही होती. म्हटलं, "हातमोजे होते. घाई होती. मी दोर तपासलाच नाही. चूक माझीच."

उरलेल्या तीन पायऱ्या चढून वर आले. "आल्झो, बरं तर. हे डिसेंबरात सांगायचं होतंस."

सु. ने वाटी पुढे केली. तिळगूळ घ्या, गोड बोला. इराने भाषांतर केलं. सेपनी एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "गोड मला जमत नाही. बोलतो."

दहा किलो वजन उतरल्यासारखं वाटतंय. सु. रडली. मीही, थोडं, बाथरूममध्ये.

शनि. २६ जाने.

पहाटे सहा वाजता दारावर टकटक. सेप, टोपी घालून, "येतोस?" अकरा महिन्यांनी!

गाडीत गप्पा. गुडघा, हवामान, फेराइनमधली, म्हणजे मासेमारांच्या क्लबातली, भांडणं. सगळं पूर्वीसारखं. नदीवर पोचलो आणि मी सवयीने हात पुढे केला. सेपनी पाहिलं, आणि स्वतःचा साठचा दोर काढून पक्कड घेऊन बसले. मी हात खिशात घातला.

वीस मिनिटं लागली त्यांना. मी नदीकडे बघत उभा. मदत करू का, हा प्रश्न दहा वेळा ओठांवर आला. विचारला नाही. सोबत येऊ दिलं हेच पुष्कळ, असं स्वतःला सांगितलं. खोटं आहे, पुष्कळ नाही.

शनि. ९ फेब्रु.

तेच. ते साठ, मी चाळीस. मला बोटभर एक पर्च मासा, त्यांना काही नाही. परत येताना म्हणाले, गुरुवारी शेवटचा दिवस, शुक्रवारपासून बंदी. मी म्हटलं, रजा टाकतो. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाले.

गुरु. १४ फेब्रु.

गाडीत बसून लिहितोय. थर्मास घ्यायला आलो, वही डॅशबोर्डमध्ये होती, म्हटलं आत्ताच लिहू. बोटं सरळ होत नाहीत, अक्षर बघा.

बर्फ वितळून पाणी जरा गढूळ झालंय आज, त्यामुळे साठही चालला असता. तीनच्या सुमारास सेपची काठी वाकली. खरंच वाकली, मुठीपर्यंत! तीन जड झटके, डोकं हलवत असल्यासारखे. मी जाळं घेऊन पाण्यात धावलो, बुटात पाणी गेलं, पर्वा नाही. आणि काठी सरळ झाली.

सेपनी दोर गोळा केला. टोक हातात घेतलं. कुरळं. सुटली होती, तुटली नव्हती. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "क्नोटेन."

मला वाटलं, आता सामान आवरणार. माझ्या काळजाचं पाणी पाणी. त्यांच्यासाठी, स्वतःसाठी नाही, देवाशपथ.

ते दगडावर बसले. हातमोजे काढले. सांधे सुजलेले, बोटं काळीनिळी. बराच वेळ आपल्याच हातांकडे बघत बसले. मग खिशातून रीळ काढलं. पंचेचाळीस. त्या खोक्यातलं दुसरं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जानेवारीपासून विचारायचं होतं. बांधतोस?"

हातमोजे काढले, दोन्ही. दीड हात दोर उघड्या बोटांतून सोडला, एकदा या टोकापासून, एकदा त्या. उजेडात धरून पाहिला. थुंकी लावली, पाच वेढे, हळूहळू आवळला. थंडीने बोटं बधिर होती, तरी एकेक वेढा बसताना कळत होता. आयुष्यात इतक्या मन लावून गाठ मारलेली नाही.

म्हटलं, "ओढून बघा."

नाही ओढला. मी परत म्हटलं, "सेप, एकदा ओढून बघा तरी."

"कशाला?" म्हणाले, आणि उठून दोर सरळ पाण्यात टाकला.

इथून दिसतायत, वळणावर, पाठमोरे. उजेड अजून पाऊण तास आहे. चहा निवायच्या आत जातो.