चौदाशे ग्रॅमची बाटली

अहो आरोहीचे आबा,

मी चिखलीले डॉक्टरकडे जाऊन राह्यली. तुमची साखर काही केल्या उतरत नाही, पायाची जखम भरत नाही, म्हणून ते इंजेक्शन वाढवतो म्हणतात. मले मात्र दुसराच संशय आहे.

नातीच्या खोकल्यासाठी लिटरच्या बाटलीत मी गळ्यापर्यंत मध भरून ठेवला होता. तिले आठवडाभर चाटवला, तरी मध गळ्यालेच! म्हटलं, द्रौपदीची थाळीच झाली ही. आज बाटली काट्यावर ठेवली. लिटरभर पाणी किलो भरते, लिटरभर मध चौदाशे ग्रॅम. आपला मध, बाटलीचं वजन सोडून, तेराशेच भरला. पाण्यात अन् मधात लिटरमागं चारशेचा फरक, अन् इथं शंभर कमी. म्हणजे पाव लिटर पाणी आत शिरलं.

आरोहीचा हात त्या फळीले पुरत नाही. सून गोड तोंडाले लावत नाही. अन् मुंग्या मध खातात, पण वरून पाणी ओतत नाहीत.

तुमची भाकर अन् मेथीची भाजी झाकून ठेवली आहे, ते सांगणारी चिठ्ठी टेबलावर आहे. बाटली डॉक्टरले दाखवायले मी सोबत नेली. ही दुसरी चिठ्ठी तिच्या जागी, डब्यांच्या मागं ठेवली. नुसतं जेवायले बसणाऱ्याले ही दिसणारच नाही.

तुम्ही वाचून राह्यले, म्हणजे मले उत्तर भेटलं. आता हातातला चमचा खाली ठेवा.